खोकला बंद झाला तेव्हा

कॉन्सिडाइनांच्या घराला रंग लागताना दिसला की सगळ्या वाडीला कळतं, यंदा घरच्या मिस्साचा मान त्यांचा. आमच्या कॅराहूत हा मान घरोघर फिरतो आणि एकेका घरी यायला बरीच वर्षं लागतात. फादर आपल्या स्वयंपाकघरात येणार, जेवणाच्या टेबलाची वेदी होणार म्हटल्यावर फादर ज्या खोलीकडे ढुंकूनही बघणार नाहीत तिलाही रंग लागतो. घरधनीण ब्रायडीने तर या वेळी कोळशाची खोलीसुद्धा रंगवून घेतली. आम्हाला हसू येत होतं, पण तिच्यासमोर हसायची कोणाची टाप नव्हती. तिचा थोरला मुलगा किलियन गेल्यापासून या घरात मिस्सा झाली नव्हती, आणि आज तिला देवाचे आभार मानायचे होते, तेही चारचौघांत आणि मोठ्या आवाजात.

छातीत घट्ट कफ साठत जाण्याचा तो आजार, ज्याला आम्ही नुसतं सीएफ म्हणतो, तिच्या तीन मुलांपैकी दोघांच्या वाट्याला आला होता. थोरला किलियन विशी गाठण्याआधीच गेला. मधल्या फर्गलला तो झालाच नाही. धाकटी ओर्ला अजून होती. हा आजार आई आणि बाप दोघांकडून आल्याशिवाय मुलाला होतच नाही, असं डॉक्टरांनी किती वेळा सांगितलं. तरी कॉन्सिडाइन म्हणायचे तो तुमच्याकडचा, आणि ब्रायडीच्या माहेरचे म्हणायचे तुमच्याकडचा. भांडायला इतका हक्काचा विषय कोण सोडतो?

सकाळपासून स्वयंपाकघराच्या खिडक्या सताड उघड्या होत्या आणि मार्चमधला समुद्रवारा सरळ आत घुसत होता.

"बंद कर गं ती खिडकी," ब्रायडीची बहीण फिलोमीना म्हणाली. ती एनिसहून सोडा ब्रेड आणि सल्ले असं दोन्ही भरपूर घेऊन आली होती. "फादरांच्या मेणबत्त्या विझतील."

"रंगाचा वास गेला नाही अजून. ओर्लाला नाही सोसत."

"ओर्लाला आता सगळं सोसतं. त्या नव्या गोळ्यांनी कशी भरलीय बघ. गाल आलेत पोरीला!"

ब्रायडी चांगल्या कपबश्या पुसत होती. पुसता पुसता थांबली, दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"फिल, तुला म्हणून सांगते. रंगकाम चालू होतं तेव्हा एकदा मोठी उबळ आली तिला. त्यानंतर खोकलीच नाही. इतके दिवस मी भिंतीला कान लावून असते. रात्री नाही, सकाळी नाही. तीस वर्षांत पोर घरात असताना असं कधी झालं नव्हतं."

"मग रडतेस कशाला?"

"रडत नाहीये. आज सगळ्यांसमोर सांगणार आहे मी."

"सांगच. आणि तिच्या कुशीत लचक भरलीय म्हणालीस ना? पडदे लावताना? मी मॅट लिलिसला निरोप दिलाय. मिस्साला येणारच आहे तो, नाश्ता झाला की मागच्या खोलीत दोन मिनिटांत बरगडी बसवून देईल. माझं ढोपर त्यानंच बसवलं."

"ओर्ला नाही म्हणेल."

"तिला विचारायचं कशाला?"

ब्रायडीला हे पटलं नव्हतं, पण फिलोमीनाशी वाद घालून कोणी जिंकल्याचं आमच्या ऐकिवात नाही. शिवाय मॅट लिलिसचा हात सगळ्या पंचक्रोशीला माहीत. त्याच्या बापाचा तसाच होता. निखळलेला खांदा घेऊन माणसं त्याच्याकडे जायची आणि जिथे गरज आहे तिथे दाबून तो हाड कट्कन जागेवर आणायचा.

तेवढ्या वेळात वरच्या खोलीत ओर्ला पलंगाच्या कडेवर बसून होती, कारण पाठ टेकली की पुन्हा उठता येत नव्हतं. गॉलवेच्या शाळेत ती शिकवायची, तिथून रजा काढून ती आईला मदत करायला आली होती. आल्या दिवशी रंगाच्या वासाने ती उबळ आली आणि त्या उबळीत डाव्या कुशीत काहीतरी कडाडलं. पडद्यांची गोष्ट तिने नंतर रचली.

दुखणं तिला नवं नव्हतं. कंबर, गुडघे, पाठीचे मणके, शाळेत होती तेव्हापासून काही ना काही ठणकत असायचंच. पण पूर्वी मरणच इतकं जवळ होतं की दुखण्याची चौकशी करायला कोणाला सवड नव्हती. डॉक्टर फुप्फुसं तपासायचे, आई वजन बघायची. मग त्या नव्या गोळ्या आल्या आणि मरण लांब गेलं, दुखणं मात्र राहिलं. आता म्हणे तिला म्हातारपण बघायला मिळणार होतं, आणि तेही याच पाठीसकट. याबद्दल कुरकुर करायचीही सोय नव्हती. भाऊ तरुणपणी गेलेला असताना, आपल्याला जगायला मिळालंय, आणि पाठ दुखते म्हणून रडायचं कोणाजवळ? तिला स्वतःचीच लाज वाटायची आणि मग स्वतःचाच रागही यायचा.

दार न वाजवता फर्गल आत आला. शेत आणि गुरं तोच बघतो. मिस्सासाठी घातलेला कोट त्याला काखेत घट्ट होत होता.

"घेतलीस गोळी?"

"नाही."

"ओर्ला, हॉस्पिटलच्या नर्सनं फोनवर काय सांगितलं ते मी ऐकलंय. दुखण्याची गोळी घ्यायची, ती लागू पडली की खोकून कफ बाहेर काढायचा. रोज. तू एक दिवस तरी काढलास?"

"खोकायला गेलं की डोळ्यांपुढे अंधारी येते."

"म्हणूनच ती गोळी दिलीय ना!"

"या घरात नाही, फर्गल. आईला माहीतय ती कसली गोळी आहे. किलियनला शेवटी तेच औषध सुईतून लावलं आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. तिच्या मते त्या औषधानंच नेला त्याला. माझ्या हातात ती डबी दिसली तर तिला मीही मेल्यासारखीच."

"तो मरत होता. औषधानं निदान ओरडायचा थांबला."

"हे तू तिला सांगशील?"

गुरांच्या बाजारात भल्याभल्यांना गप्प करणारा फर्गल आईसमोर मात्र अजून शाळकरी पोर होतो. त्याने बहिणीच्या कपाळाला हात लावला आणि चटकन मागे घेतला.

"तू भाजतेयस."

"सकाळपासून."

"ताप आला तर तडक या म्हणाली होती ती."

"मिस्सा होऊ दे. मग गाडी काढ. आई आज केवढी खूश आहे, बघितलंस? तिला एवढा एक दिवस मिळू दे."

"आणि तेवढ्यात तुझी छाती भरली तर?"

छाती भरायला लागलीच होती. खाली, डाव्या बाजूला, चिखलात बूट रुतावा तसा श्वास रुतत होता. तो आवाज ती जन्मापासून ओळखत होती.

मिस्साला सगळी वाडी आली. स्वयंपाकघरात खुर्च्या पुरल्या नाहीत, तेव्हा पुरुषमंडळी नेहमीप्रमाणे दाराशी दाटीवाटीने उभी राहिली. फादर क्विनलन यांनी वेळ न घालवता सुरुवात केली, कारण सॉसेजचा वास त्यांनाही येत होता. प्रवचन झालं आणि विनंत्यांची वेळ आली. ज्याला जे मागायचं ते त्याने आपल्या तोंडाने मागायचं. कोणी कॅनडात बर्फात अडकलेल्या मुलासाठी मागितलं, कोणी ओंडक्याइतक्या फुगलेल्या आपल्या पायासाठी मागितलं.

मग ब्रायडी उठली.

"मला काही मागायचं नाही," ती म्हणाली. "आभार मानायचेत. तुम्ही सगळ्यांनी या घरातला खोकला ऐकलाय. रस्त्यावरून जातानासुद्धा ऐकू यायचा. कितीतरी दिवस झाले, माझी ओर्ला खोकलेली नाही. देवानं बरं केलं तिला."

"प्रभो, आमची प्रार्थना ऐक," सगळे म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. बायकांनी डोळे टिपले. मीही टिपले, खोटं कशाला बोलू.

एकटा टायग म्हणाला नाही. ओर्लाचा बाप चुलीपाशी उभा होता आणि तिथून त्याला लेकीची पाठ दिसत होती. खुर्चीची कड तिने दोन्ही हातांनी पकडली होती. तिचा श्वास वरच्या वर चालला होता, आणि डावी बाजू हलत नव्हती. आखडून उभ्या राहणाऱ्या गाईला लांबून बघून टायग सांगायचा की हिची कूस दुखावलीय, आणि ते खरं निघायचं. आता लेकीच्या घशात उबळ चढताना त्याने पाहिली. तिने ओठ मिटले, मान खाली घातली, उबळ गिळली. तिच्या मानेवर घाम फुटला.

पुढे व्हावं, हाक मारावी, असं त्याला फार वाटलं. पण फादरांनी भाकर उचलली होती, सगळे गुडघ्यांवर टेकत होते, आणि बायकोच्या चेहऱ्यावर कित्येक वर्षांत न दिसलेला उजेड होता. तोही गुडघ्यांवर टेकला. किलियनच्या वेळीही तो असाच काही बोलला नव्हता.

नाश्त्याची गडबड सुरू झाली तशी फिलोमीनाने ओर्लाचं मनगट पकडलं. "चल गं, जरा मागच्या खोलीत काम आहे." ओर्लाच्या अंगात हात सोडवून घेण्याइतकंही बळ नव्हतं. मागच्या खोलीत मॅट लिलिस बाह्या सरसावून बसला होता.

"ये पोरी, पालथी पड. घाबरू नकोस, एक झटका की झालं."

"कसला झटका?"

"बरगडी सरकलीय तुझी. तुझ्या मावशीनं सांगितलं."

"मावशी, मी कोणाला हात लावू देणार नाही."

"नखरे करू नकोस. आज घरात देव आलाय, चांगला दिवस आहे, मॅट आलाय. ब्रायडी! ये गं, हिला धर जरा."

ब्रायडी हातात चहाची किटली घेऊनच आली. तिच्यामागे टायग आला, आणि त्याला बाजूला सारून फर्गल.

"मॅटकाका, हात मागे घ्या," फर्गल म्हणाला.

"तू मध्ये पडू नकोस," फिलोमीना फणकारली. "बायकांचं काम आहे हे."

"मॅटकाका बाई कधीपासून झाले?"

"फर्गल!" ब्रायडी ओरडली. "मावशीशी असं बोलतात? तिनं चांगल्यासाठीच बोलावलंय."

"चांगल्यासाठी? हिच्या हाडांत जीव नाही, आई. खोकल्यानं मोडलीय ती बरगडी. एक झटका दिला तर दुसरी मोडेल, आणि सरळ फुप्फुसात जाईल."

मॅट लिलिस उठून उभाच राहिला. "हे मला कोणी सांगितलं नाही," तो म्हणाला. "मी नाही हात लावायचो. फिलोमीना, तू तर लचक म्हणालीस." कोट उचलून तो स्वयंपाकघराकडे निघाला, आणि एवढ्या घाईत निघाला की एक बाही घालायचीच राहिली.

"हाडांत जीव नाही म्हणजे काय?" ब्रायडीने किटली खाली ठेवली. "ओर्ला?"

"हाडं पातळ झालीत, आई. या आजारात होतात. दोन वर्षं झाली कळून."

"दोन वर्षं! आणि याला सांगितलंस? मला नाही?"

"तुला काय सांगू? मी नुसतं 'दुखतंय' म्हटलं की तुझा चेहरा किलियनच्या दिवसांतला होतो. मग तुलाच सावरत बसावं लागतं मला."

"मी आई आहे तुझी!"

"म्हणूनच नाही सांगितलं."

फिलोमीनाने तोंड उघडलं. "ही हाडं काही आमच्याकडची नाहीत हं. आमच्या आईला नव्वदीतही—"

"फिल," टायग म्हणाला. "बाहेर जा नाहीतर गप्प बस."

त्या घरात टायगचा चढलेला आवाज कोणी ऐकला नव्हता. फिलोमीना पलंगावर मटकन बसली. ब्रायडीने मात्र नवऱ्याकडे पाहिलंच नाही. ती लेकीच्या तोंडाकडे बघत होती, आणि अजूनही हातातलं सुख सुटू नये म्हणून धडपडत होती.

"पण तू बरी आहेस," ती म्हणाली. "बरगडीचं असेल ते असू दे. छाती तर बरी आहे ना? तू खोकत नाहीस. मी रोज ऐकतेय. तू खोकत नाहीस, ओर्ला."

"खोकताच येत नाहीये गं मला."

ब्रायडी एक पाऊल पुढे आली.

"इतकं दुखतं की नाही येत. सगळा कफ आत साठलाय."

तीस वर्षं ज्या बाईने सकाळ-संध्याकाळ मुलांच्या पाठीवर थापट्या मारून कफ सुटा केला होता, रात्री झोपेतही जिचे कान खोकल्याकडे असायचे, तिला आणखी काही समजावून सांगायची गरज नव्हती. तिचा चेहरा उतरत गेला. तिने हात पुढे करून लेकीच्या गालाला लावला, मग मानेला, मग कपाळाला. मग लहानपणी लावायची तसा कान तिच्या पाठीला लावला, डाव्या बाजूला, खाली, आणि बराच वेळ तशीच वाकून राहिली.

"आणि मी मघाशी आभार मानले," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर."

"गाडी काढतो," टायग म्हणाला.

"थांब." ब्रायडी सरळ झाली. "रस्ता सगळा खड्ड्यांचा आहे, दीड तास लागेल. अशी भरल्या छातीनं नाही न्यायची. हॉस्पिटलला फोन कर, विचार. फर्गल, नर्स काय म्हणाली होती? नेमकं सांग."

फर्गलने बहिणीकडे पाहिलं. ओर्लाने होकारार्थी मान हलवली.

"दुखण्याची गोळी, आई. तीच. किलियनच्या औषधाच्या जातीची. थोडी मात्रा. तिनं शौचाला होत नाही म्हणून तिच्यासोबत ती दुसरी पूड. गोळी लागू पडली की खोकायचं."

पोरीला आपल्या डोळ्यांदेखत ते औषध द्यायचं, या विचारानेच ब्रायडीचा जीव कासावीस झाला होता, आणि ते लपवायचं तिला सुचलंही नाही.

"झोपणार नाहीस ना?" तिने विचारलं. "तो झोपला आणि मग..."

"तो दमला होता, आई. मी नाही झोपणार."

टायग फोनवर बोलून परत आला. तिकडच्या डॉक्टरांनी तेच सांगितलं होतं: गोळी द्या, जमेल तेवढं खोकू द्या, आणि निघा. ओर्लाने गोळी स्वतः घेतली. पाण्याचा पेला ब्रायडीने धरला होता.

मग वाट बघणं आलं. ब्रायडी समोर खुर्ची ओढून बसली आणि लेकीला एक क्षण गप्प राहू देईना. गॉलवेच्या शाळेत हेडमास्तर कोण, भाडं किती वाढलं, तो चष्मेवाला मुलगा पुन्हा दिसला का. ओर्लाच्या पापण्या जड झाल्या की ब्रायडीच्या तोंडचं पाणी पळायचं.

"डोळे उघड. ओर्ला! त्या चष्मेवाल्याचं नाव काय?"

"आई, त्याचं लग्न झालं."

"मग दुसरा कोणी?"

"तू मला दुखण्यानं नाही, चौकशीनं मारशील."

फिलोमीनाला हसू फुटलं आणि त्याच दमात रडू. "मी काय करू?" ती म्हणाली. "मला सांगा काहीतरी. मी इथे नुसती बसू शकत नाही."

"उशी घे," ओर्ला म्हणाली. "इथे कुशीवर धर. घट्ट, पण ढकलू नकोस. मी खोकताना सोडू नकोस."

मावशीने उशी घेतली. सगळ्या पंचक्रोशीला सल्ले देणारी बाई, पण तिची दोनदा जागा चुकली. शेवटी ब्रायडीने तिच्या हातांवर आपले हात ठेवले आणि दोघी बहिणींनी मिळून ती उशी धरली.

दुखणं गेलं नव्हतं. नुसतं थोडं मागे सरकलं होतं. ओर्लाने जमेल तेवढा श्वास घेतला, तो धरला, आणि खोकली.

तो आवाज भिंतीपलीकडे गेला. स्वयंपाकघरातल्या गप्पा बंद झाल्या, कपबश्या थांबल्या. मघाशी ज्यासाठी आम्ही सगळ्यांनी देवाचे आभार मानले होते ते आमच्या कानांदेखत मोडलं, आणि कोणी कोणाकडे बघेना. मागच्या खोलीच्या दारापाशी उभी असलेली मी पुढे झाले, आणि तिथेच थबकले.

आत ओर्लाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पहिल्या खोकल्याने काहीच सुटलं नव्हतं. "नाही जमत," ती म्हणाली. "आई, नाही जमत मला."

टायगने तोंड फिरवलं. फर्गल भिंतीला टेकला. ब्रायडीने उशीवरचा हात आणखी घट्ट केला. ज्या आवाजाला ती आयुष्यभर भ्यायली होती तोच आता ती मागत होती, आणि तेही स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात.

"जमतं. खोक, बाळा," ती म्हणाली. "अजून. अजून एकदा."